आद्य-एस्किमो भाषेचा तुलनात्मक कोश : एक परीक्षण

मायकेल फोर्टेस्क्यू, स्टीव्हन जेकबसन आणि लॉरेन्स कॅप्लन या तीन भाषाशास्त्रज्ञांनी मिळून सिद्ध केलेला 'कम्पॅरेटिव्ह एस्किमो डिक्शनरी विथ अल्यूट कॉग्नेट्स' हा कोश अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स येथील 'अलास्का नेटिव्ह लँग्वेज सेंटर'ने १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला आणि २०१० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. हे परीक्षण दुसऱ्या आवृत्तीचे आहे. सैबेरियाच्या चुकोत्का किनाऱ्यापासून अलास्का आणि उत्तर कॅनडा ओलांडून थेट ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत ज्या युपिक आणि इनुइट भाषा पसरल्या आहेत, त्या सर्वांची मिळून एक पूर्वज भाषा होती असे तुलनात्मक पद्धतीने दाखवता येते. त्या पूर्वज भाषेचा, म्हणजे आद्य-एस्किमोचा, शब्दसंग्रह या कोशात आहे. ती भाषा कोणी लिहून ठेवलेली नाही, तिचा शिलालेख नाही, पोथी नाही. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी ती बेरिंग सामुद्रधुनीच्या आसपास बोलली जात असावी, असे अभ्यासक मानतात. अशा भाषेचा कोश विकत घेणाऱ्याच्या हाती नेमके काय पडते, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की त्याच्या हाती पुरावा स्वतः तपासून पाहण्याची सोय पडते. आणि या कसोटीवर हा कोश फार वरच्या दर्जाचा आहे, फक्त एका बाबतीत तो वाचकाला ऐन वेळी एकटे सोडतो. त्या बाबीविषयी पुढे लिहितो.

तिघा संपादकांची निवडच मुळात विषयाच्या विस्ताराला साजेशी आहे. फोर्टेस्क्यू यांनी कोपनहेगनमध्ये राहून पश्चिम ग्रीनलँडिकचे व्याकरण १९८४ मध्ये लिहिले, त्याच वर्षी जेकबसन यांचा मध्य अलास्कातील युपिक भाषेचा कोश आला, आणि कॅप्लन यांनी उत्तर अलास्कातील इन्युपिआक भाषेच्या ध्वनिव्यवस्थेवर १९८१ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला होता. म्हणजे पूर्वेचे टोक, नैर्ऋत्येचे टोक आणि मधला दुवा, तिन्हींचा जाणकार एकेक. एकट्या माणसाने केलेल्या तुलनात्मक कोशांत त्याची स्वतःची भाषा नकळत मोजपट्टी होऊन बसते. तो दोष इथे फारसा जाणवत नाही.

कोशातील नोंद अशी असते. आधी तारकांकित, म्हणजे तुलनेवरून पुनर्रचलेले, मूळ रूप आणि त्याचा इंग्रजी अर्थ येतो. त्याखाली ठरलेल्या क्रमाने दहा भाषा अथवा बोलीसमूहांतील रूपे येतात : दक्षिण अलास्कातील अलुतीक, मध्य अलास्कातील युपिक, चुकोत्कातील नौकान, मध्य सैबेरियन युपिक आणि सिरेनिक हे पाच पश्चिमेकडचे, सेवर्ड द्वीपकल्प, उत्तर अलास्का, पश्चिम कॅनडा, पूर्व कॅनडा आणि ग्रीनलंड हे पाच इनुइट शाखेचे. दूरचे नाते असलेल्या अल्यूत भाषेत सगोत्र, म्हणजे त्याच मुळापासून आलेला, शब्द सापडला असेल तर तोही शेवटी दिला जातो. हा क्रम कुठेही मोडत नाही, आणि हीच या कोशाची खरी ताकद आहे, कारण थोड्या सरावाने नजर त्या ओळींवरून खाली घसरू लागते आणि ध्वनी कसकसा बदलत गेला ते नकाशावर पाहावे तसे दिसू लागते. एखाद्या भाषेत शब्द नसेल तर ती ओळ सरळ गाळलेली असते. ते रिकामेपणही वाचायला शिकावे लागते.

आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असलेला शब्द घेऊ : इग्लू. बर्फाच्या ठोकळ्यांचा घुमट हा अर्थ बाहेरच्यांनी रूढ केला. मूळ भाषांत हा शब्द कोणत्याही घराला चालतो. उत्तर अलास्कात 'इग्लु', ग्रीनलंडमध्ये 'इल्लु' आणि अलुतीकमध्ये 'अङ्लुक़' अशी रूपे आहेत. यांवरून संपादकांनी जे मूळ रूप मांडले आहे ते देवनागरीत 'अङ्लु' असे लिहिता येईल. ग्रीनलँडिकमध्ये जोडाक्षरातील पहिले व्यंजन दुसऱ्यासारखे झाले, इन्युपिआकमध्ये अनुनासिकाचा ग झाला, आणि आरंभीचा स्वर इनुइट शाखेत बहुतेक ठिकाणी 'इ' झाला, हे तिन्ही निष्कर्ष या एकाच नोंदीतून निघतात. पण ते खरे की योगायोग, हे ठरवण्यासाठी दुसऱ्या नोंदींकडे जावे लागते. 'रेनडिअर'साठीचा शब्द युपिकमध्ये 'तुन्तु' आहे आणि उत्तर अलास्का आणि ग्रीनलंड या दोन्हीकडे 'तुत्तु' आहे. कुत्र्याला मध्य सैबेरियन युपिकमध्ये 'क़िक्मिक़' म्हणतात, इन्युपिआकमध्ये 'क़िम्मिक़'. जोडव्यंजन एकसारखे होण्याची प्रवृत्ती पूर्वेकडे जाताना वाढत जाते आणि ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ती जवळजवळ पूर्ण झालेली असते, हे कोश कुठे उपदेशून सांगत नाही, ओळींतूनच दिसते. बर्फासाठीचे मूळ रूप 'चिकु' आहे, अलास्कातील युपिकमध्ये ते तसेच राहिले आणि इनुइट भाषांत 'सिकु' झाले. (घोलवडकरांनी यात काही शोधू नये.)

मराठी वाचकाला या कोशात सर्वांत आनंद देणारी गोष्ट मात्र स्वरांची आहे, आणि तिच्यावर थोडे थांबणे मला आवश्यक वाटते. आद्य-एस्किमो भाषेत चार स्वर मानले आहेत. त्यांपैकी तीन कुणालाही ओळखीचे, आ, इ आणि उ. चौथा मात्र तोंडाच्या मध्यभागी, जीभ सैल ठेवून उच्चारला जाणारा. पाश्चात्त्य वाचकाला तो समजावून देण्यासाठी रोमन 'e' हे अक्षर उलटे छापावे लागते आणि प्रस्तावनेत खुलासा करावा लागतो. आपल्या 'अ'चा उच्चार नेमका त्याच जागेवरून होतो, आणि 'अ' व 'आ' यांत फक्त लांबीचा नव्हे तर जातीचाच फरक आहे हे मराठी माणसाच्या कानाला सांगावे लागत नाही. त्यामुळे या कोशातील मूळ रूपे देवनागरीत उतरवून वाचली की ती कमालीची सरळ होतात. वाचताना शेवटचा 'अ' मात्र पूर्ण उच्चारायचा, आपल्या सवयीप्रमाणे गिळायचा नाही. मी या लेखात तसेच केले असून 'क़' हा पडजिभेपाशी उच्चारायचा क, 'ङ' हा 'गंगा' शब्दातील अनुनासिक आणि 'ऱ्' हा घशात घासून निघणारा र समजावा.

हा चौथा स्वर युपिक शाखेने जपला आणि इनुइट शाखेने बहुतांश ठिकाणी 'इ'मध्ये मिसळून टाकला. गोड्या पाण्याचे मूळ रूप 'अमऱ्'. इनुइट बाजूला 'इमिक़', आणि मध्य अलास्कातील युपिकमध्ये आरंभीचा 'अ' गळून 'मक़'. नावासाठीचे मूळ रूप 'आतऱ्'. इन्युपिआकमध्ये 'आतिक़', युपिकमध्ये 'आतक़'. इथे एखादा चिकित्सक वाचक विचारील की युपिकमध्येच जुन्या 'इ'चे दोन तुकडे झाले नसतील कशावरून. इनुइट रूप मूळचे आणि युपिक रूप नंतरचे असे का मानू नये? या प्रश्नाचे उत्तर इनुइट शाखेच्या पोटातच दडलेले आहे. उत्तर अलास्कातील इन्युपिआक बोलींत आज 'इ' एकच ऐकू येतो, पण तो दोन प्रकारे वागतो. एक 'इ' आपल्या पुढच्या न, ल, त यांसारख्या व्यंजनांना तालव्य करतो आणि दुसरा त्यांना हात लावत नाही. माणूस या अर्थाच्या शब्दात पहिला 'इ' आहे, म्हणून तो 'इञुक' असा तालव्य अनुनासिकाने उच्चारला जातो. जागा या अर्थाच्या 'इनि' शब्दात दुसरा 'इ' आहे, म्हणून तिथे न साधाच राहतो. 'माझा'मधला झ 'माझी'मध्ये पुढच्या ई-मुळे मऊ होतो हे आपण रोज करतो, फरक इतकाच की तिकडे व्यंजनाला मऊ करणारा स्वर आधी येतो. आता 'इनि'ची ओळ पश्चिमेकडे वाचत गेले की युपिकमध्ये घर या अर्थाचा 'अना' शब्द भेटतो, आणि मूळ रूप 'अन' असे मांडलेले दिसते. म्हणजे जो 'इ' व्यंजनाला हात लावत नाही तो मुळात 'इ' नव्हताच, 'अ' होता. शिवाय 'त्याची जागा' असे म्हणताना इनुइट भाषांत 'इनि'चे 'इना' होते, शेवटचा स्वर पुन्हा आपले वेगळेपण दाखवतो. आणि बेरिंग सामुद्रधुनीतल्या डायोमीड बेटाच्या इन्युपिआक बोलीत तर हा चौथा स्वर आजही स्वतंत्रपणे उच्चारला जातो. तीन वेगवेगळ्या बाजूंनी आलेला पुरावा एकाच ठिकाणी मिळतो, तेव्हा तारकांकित रूपावर विश्वास ठेवणे म्हणजे निव्वळ श्रद्धा राहत नाही. हे सगळे प्रस्तावनेतील ध्वनिविचार आणि नोंदी शेजारी ठेवून वाचकाला स्वतः पडताळता येते, आणि पुस्तकाची किंमत मला तिथेच वसूल झाल्यासारखी वाटली.

सर्वच शब्द दोन्ही शाखांत सापडतात असे अर्थातच नाही. कातडी मढवलेल्या एकट्याच्या होडीला सर्वत्र 'क़ायाक़' याच घराण्यातला शब्द आहे, जो जगाने 'कयाक' म्हणून उचलला. पण अनेकांना वाहून नेणाऱ्या मोठ्या उघड्या होडीला इनुइट 'उमिआक़' म्हणतात आणि युपिक 'आङ्याक़'. कोशात फक्त इनुइट शाखेपुरती, फक्त युपिक शाखेपुरती आणि युपिक–सिरेनिक एवढ्यापुरती मूळ रूपे वेगळ्या खुणांनी दाखवली आहेत, त्यामुळे कोणती नोंद किती जुनी याचा पहिला अंदाज एका दृष्टिक्षेपात येतो. समुद्रातील प्राण्यांचा विभाग विलक्षण समृद्ध आहे : वालरसचे मूळ रूप 'आय्वऱ्' घेतले तर मध्य सैबेरियन युपिकमध्ये 'आय्वक़', मध्य अलास्कात 'आस्वक़', उत्तर अलास्कात 'आइविक़', ग्रीनलंडमध्ये 'आवेक़' अशी ओळ सलग भरलेली दिसते, आणि सील, देवमासे, कातडी कमावणे, हार्पूनचे भाग यांचीही तीच गत आहे. या भाषांत हिमासाठी शंभर शब्द आहेत ही दंतकथा मनात ठेवून जो येईल त्याची मात्र निराशा होईल. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ मध्ये दिलेली उदाहरणे चारच होती. या कोशातही हिमाची मूळ रूपे त्या दंतकथेच्या मानाने फार थोडी आहेत आणि बाकीचा पसारा प्रत्ययांनी वाढवलेला आहे.

आता ती उणीव. दोन्ही शाखांत सगोत्र शब्द सापडला की नोंदीला 'आद्य-एस्किमो' ही खूण मिळते. मग तो शब्द दहाही ओळींत असो, की नौकान आणि सेवर्ड द्वीपकल्प अशा दोनच ओळींत असो. पण हे दोन साक्षीदार एकमेकांचे शेजारी आहेत. नौकान हे चुकोत्काच्या अगदी पूर्व टोकावरचे गाव होते, सेवर्ड द्वीपकल्प समोरच्या किनाऱ्यावर, आणि मधल्या पाण्यातून माणसांची ये-जा शतकानुशतके चालू होती. असा शब्द दोन हजार वर्षांपूर्वीचा वारसा असण्याइतकाच दोनतीनशे वर्षांपूर्वीची उसनवारीही असू शकतो. ध्वनिनियम मोडलेला असेल तर उसनवारी पकडता येते, पण ज्या शब्दात पकडण्याजोगा ध्वनीच नाही तिथे काही इलाज नसतो. अशा नोंदींची किंमत दहा ओळी भरलेल्या नोंदीपेक्षा कमी आहे हे संपादकांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असणार, तरीही मूळ रूपापाशी विश्वासार्हतेची एखादी पायरी दाखवणारी खूण त्यांनी योजली नाही. तो निवाडा वाचकाने नोंदीगणिक स्वतः करायचा.

याच मुद्द्याचा दुसरा पदर अधिक महत्त्वाचा आहे. दहा ओळी म्हणजे दहा स्वतंत्र साक्षी नव्हेत. पुरातत्त्वज्ञ ज्यांना थुले संस्कृतीचे लोक म्हणतात, ते साधारण एक हजार वर्षांपूर्वीपासून अलास्कातून पूर्वेकडे निघाले आणि काही पिढ्यांत ग्रीनलंडपर्यंत पोहोचले. आजच्या इनुइट बोली त्यांच्याच भाषेच्या वंशज आहेत. म्हणून हजारो किलोमीटरवर पसरलेल्या इनुइट बाजूच्या पाच ओळी एकमेकींच्या इतक्या जवळ असतात, आणि त्यांच्या तुलनेत लहानशा टापूतल्या पश्चिमेकडच्या पाच ओळी कितीतरी जास्त विखुरलेल्या असतात. इनुइट बाजूच्या पाचही ओळी भरलेल्या पाहून नवखा वाचक प्रभावित होतो, पण खोलवर जाण्याच्या दृष्टीने अलुतीक आणि सिरेनिक या दोनच ओळी भरलेल्या असणे पुष्कळदा अधिक मोलाचे असते. प्रस्तावनेत या असमान वजनाविषयी दोन पाने सविस्तर लिहिली असती तर विद्यार्थ्यांचे फार भले झाले असते.

सिरेनिकचा उल्लेख आलाच आहे तर तिच्याविषयी. चुकोत्कातील सिरेनिकी या गावी बोलली जाणारी ही भाषा युपिकमध्येच गणावी की ती स्वतंत्र तिसरी शाखा मानावी, याविषयी मतभेद आहेत. पहिल्या अक्षरानंतरचे स्वर तिने झिजवून एकसारखे केले आणि बाकीच्या बहुतेक भगिनी भाषांत असलेले द्विवचनही सोडून दिले. तिची शेवटची भाषक जानेवारी १९९७ मध्ये, म्हणजे कोशाच्या दोन आवृत्त्यांच्या मध्ये, वारली. या ओळीतील माहिती प्रामुख्याने गेओर्गी मेनोव्श्चिकोव्ह यांच्यासारख्या सोव्हिएत अभ्यासकांनी टिपून ठेवल्यामुळे उपलब्ध आहे. ज्या नोंदीत सिरेनिकची ओळ रिकामी आहे ती आता जुन्या टिपणांतून काही निघाले तरच भरेल.

शब्दांच्या मुख्य विभागानंतर प्रत्ययांचा विभाग येतो, आणि तो पुष्कळ वाचक चाळूनही पाहत नसतील अशी मला शंका आहे. या भाषा प्रत्ययांवर प्रत्यय चढवून एका शब्दात वाक्याचे काम करतात, त्यामुळे शब्दसंग्रह आणि व्याकरण यांची सीमा इथे आपल्यासारखी नसते. 'जवळ असलेला' या अर्थाचा प्रत्यय युपिकमध्ये 'लक', इनुइटमध्ये 'लिक'. पुन्हा तोच चौथा स्वर, तोच बदल. अस्सल, खरा या अर्थाचा प्रत्यय 'युपिक' आणि 'इन्युपिआक' या दोन्ही स्वनामांत आहे, आणि त्या नावांचा पूर्वार्ध म्हणजे माणूस या अर्थाचे 'युक' आणि 'इनुक' हे शब्दही सगोत्रच. नामाच्या विभक्तीत बाई या अर्थाच्या 'आर्नाक़'चे युपिकमध्ये 'आर्नाम' होते आणि ग्रीनलँडिकमध्ये 'आर्नाप'. हे एकच रूप 'बाईने' आणि 'बाईचा' अशी दोन्ही कामे करते. द्विवचन क-काराने आणि अनेकवचन त-काराने होते, इतक्या साध्या गोष्टी हजारो मैलांवर जशाच्या तशा टिकलेल्या पाहून सुखद आश्चर्य वाटते. विशेष म्हणजे प्रत्ययांतही संपादकांनी तोच दहा ओळींचा शिरस्ता पाळला आहे, त्यामुळे कोणता प्रत्यय एकाच शाखेने नव्याने घडवला ते कळते.

दर्शक शब्दांचा विभाग वेगळा काढला आहे आणि माझ्या मते तो या ग्रंथातील सर्वांत वाचनीय भाग आहे. 'हा' आणि 'तो' एवढ्यावर भागवणाऱ्या भाषेच्या वाचकाला कल्पना करणे कठीण जाईल, पण मध्य अलास्कातील युपिकमध्ये सुमारे तीस दर्शक शब्द आहेत. वस्तू वर आहे की खाली, आत की बाहेर, नदीच्या उगमाकडे की मुखाकडे हे तर ते सांगतातच, शिवाय ती एका जागी स्थिर दिसते आहे, लांबवर पसरलेली किंवा हलती आहे, की नजरेआड आहे हेही त्याच शब्दात येते. आद्य भाषेतही अशी तपशीलवार व्यवस्था होती, असे हा कोश दाखवतो. 'क़ाव' हे मूळ घ्या. युकॉन आणि कुस्कोक्विम या नद्यांच्या काठी राहणाऱ्या युपिकांमध्ये 'क़ावानि' म्हणजे आत, किंवा नदीच्या वरच्या अंगाला. पश्चिम ग्रीनलंडमध्ये तोच 'क़ावानि' दक्षिणेकडे या अर्थाने वापरला जातो, कारण तिथे नदीकाठची वस्ती नाही, लांबच लांब किनारा आहे, आणि समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या डाव्या-उजव्या हातांना दिशा वाटून दिल्या गेल्या. शब्द तोच राहिला आणि भूगोलाने त्याचा अर्थ फिरवला. अशा ठिकाणी संपादकांनी मूळ अर्थ ठरवताना घाई केलेली नाही. निरनिराळ्या ठिकाणचे अर्थ समोर ठेवले आहेत. हा संयम मला फार आवडला. केवळ एकच खंत वाटते, की या विभागाला किनारा, नदी आणि घर यांच्या साध्या रेखाकृती जोडलेल्या असत्या तर अभ्यासकाला डोक्यात दिशा फिरवत बसावे लागले नसते.

अल्यूत भाषेची ओळ ही या ग्रंथाची उपकथा आहे. अल्युशियन बेटांवरील या भाषेचे इनुइट–युपिक भाषांशी नाते आहे, पण ते दूरचे, कित्येक हजार वर्षे मागे जाणारे. 'क़ायाक़' आणि अल्यूतमधील 'इक़्याख़', नाव या अर्थाचे 'आतक़' आणि 'आसाख़', एक या अर्थाचे युपिक 'आताउचिक़' आणि अल्यूत 'आताक़ान' अशा जोड्या नाते दाखवतात. पण दोन म्हटले की युपिकमध्ये 'माल्रुक' आणि अल्यूतमध्ये 'आलाख़', म्हणजे लगेच वाट फुटते. अल्यूतमध्ये उसन्या शब्दांखेरीज प हे व्यंजनच नाही, यावरून ती किती दूर गेली आहे याची कल्पना यावी. संपादकांनी शीर्षकात अल्यूतला पाहुण्याचे स्थान दिले आहे आणि मजकुरातही ते तसेच ठेवले आहे, हे योग्यच झाले.

हे नाते प्रथम ओळखणाऱ्यांपैकी एक होता डॅनिश भाषाशास्त्रज्ञ रास्मुस रास्क. त्याने १८१९ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे अल्यूत भाषकांकडून शब्द मिळवून त्यांची ग्रीनलँडिकशी तुलना केली. त्याच प्रवासात पुढे कॉकेशस आणि इराण ओलांडून तो १८२० मध्ये मुंबईत उतरला, आणि इथल्या पारशांकडून त्याने अवेस्ता आणि पहलवी हस्तलिखिते मिळवली, जी आज कोपनहेगनमध्ये आहेत. झेंद, म्हणजे अवेस्ताच्या, भाषेच्या प्राचीनतेवरचा त्याचा १८२६चा निबंध आपल्याकडच्या इराणी विद्येच्या अभ्यासकांना माहीत असतो. त्याच माणसाने मुंबईला पोहोचण्याच्या थोडेच आधी दूर उत्तरेकडच्या दोन भाषांचे नाते जुळवून ठेवले होते, हे सहसा सांगितले जात नाही.

शीर्षकातील 'एस्किमो' या शब्दाविषयी वाचकाला आधीच कल्पना असलेली बरी. कॅनडा आणि ग्रीनलंडमध्ये तो अवमानकारक मानला जातो. इनुइट सर्कम्पोलर कॉन्फरन्सने १९७७ मध्येच 'इनुइट' हे नाव स्वीकारले, आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यांतील काही तरतुदींमधून २०१६ मध्ये 'एस्किमो' हा शब्द काढण्यात आला. अडचण अशी की युपिक लोक स्वतःला इनुइट म्हणवत नाहीत, त्यामुळे दोन्ही शाखांना मिळून सोयीचे नाव लवकर सापडले नाही. अलीकडे 'इनुइट–युपिक–उनंगन' (उनंगन म्हणजे अल्यूत) अशी जोडनावे वापरली जाऊ लागली आहेत. २०१० च्या आवृत्तीने जुनेच नाव ठेवले. आज कोणी नवी आवृत्ती काढली तर मुखपृष्ठ बदलावे लागेल, हे निश्चित.

वापरण्याच्या दृष्टीने सांगायचे तर हा ग्रंथ पहिल्या भेटीत आडमुठा वाटतो. भाषांची नावे अडीच-तीन अक्षरांत आखडलेली आहेत, रूपे प्रत्येक भाषेच्या चालू लेखनपद्धतीत न देता एका समान ध्वनिलिपीत दिली आहेत, आणि नमुन्याचे वाक्य मिळत नाही. समान लिपीमुळे तुलना सोपी होते हे खरे, पण ग्रीनलंडमधील नूक किंवा अलास्कातील बेथेलमध्ये राहणाऱ्या आणि आपल्या भाषेचा इतिहास पाहू इच्छिणाऱ्या माणसाला आपलेच शब्द अनोळखी वेशात भेटतात. ग्रीनलँडिक २००९ पासून तिथली एकमेव अधिकृत भाषा आहे आणि तिचे भाषक सुमारे पन्नास हजार आहेत; त्यांच्या सोयीसाठी चालू लेखनपद्धतीतील रूप कंसात देणे अशक्य नव्हते. आपल्याकडे टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा कोश किंवा बरो आणि एमेनो यांचा द्राविड व्युत्पत्तिकोश ज्यांनी हाताळला आहे त्यांना मात्र ही शिस्त ओळखीची वाटेल, आणि एक मोठी सोयही जाणवेल : बरो–एमेनो यांनी मूळ रूपे मांडण्याचे टाळून फक्त सगोत्र शब्द गोळा केले, तर इथे तिघांनी प्रत्येक गटाला मूळ रूप देण्याची जबाबदारी घेतली आहे. चुकण्याची जोखीम त्यात आहे, पण वाद घालायला काहीतरी ठोस समोर येते.

घेण्याचा विचार असेल तर दुसरीच आवृत्ती घ्यावी. वाचायला सुरुवात प्रस्तावनेतील ध्वनिविचारापासून करावी, तो कंटाळवाणा वाटला तरी गाळू नये, आणि मग मुख्य विभागाऐवजी आधी दर्शक शब्दांचा विभाग उघडावा. अल्यूतमध्ये खरा रस असणाऱ्यांनी नॉर्वेच्या क्नुट बर्गस्लँड यांचा अल्यूत कोश शेजारी ठेवावा. तोही याच केंद्राने १९९४ मध्येच काढला आहे. ज्यांना केवळ ग्रीनलँडिक किंवा युपिक बोलायला शिकायची आहे त्यांनी या कोशावर खर्च करू नये, त्यांच्यासाठी त्या त्या भाषेची व्याकरणे आणि कोश स्वतंत्रपणे उपलब्ध आहेत. तुलनात्मक भाषाशास्त्र शिकवणाऱ्या विभागाच्या ग्रंथालयात मात्र एक प्रत असावी, कारण लिखित परंपरेचा आधार नसतानाही पुनर्रचना कशी करतात हे वर्गात दाखवायला संस्कृत–प्राकृत–मराठी ही आपली नेहमीची साखळी उपयोगी पडत नाही.